जिजीची म्हैस आणि चोवीस लिव्हर

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. चौथीपर्यंत शाळा झाली आणि त्यातही चौथीच्या वर्षी अर्धे दिवस कापूस वेचण्यात गेले. ऱ्हस्व-दीर्घ मी अंदाजाने लिहिते. जिथे वेलांटी लांब दिसेल तिथे हात लांब गेला असं समजावं. तशी ही वही कोणी वाचणार नाही. मी ती पिठाच्या डब्यामागे ठेवते, आणि आमच्या घरात पिठाच्या डब्यामागे माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही.

लिहायचं कारण माझी नात. ती पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. दिवाळीला आली तेव्हा एक अख्खा रविवार मांडीवर मशीन घेऊन बसली होती. मी विचारलं, एवढं काय चाललंय? म्हणाली, "आजी, मी माझा स्वतःचा कर्नेल बनवलाय, तो बदलतेय." कर्नेल म्हणजे काय, तर मशीनच्या आतला असा भाग जो वरचा हुकूम खालच्या लोखंडाला सांगतो. कोणी कधी उठायचं, कोणी गप्प बसायचं, हे तो ठरवतो. आपल्याला लागतं तेवढंच त्यात ठेवायचं, बाकीचं काढून टाकायचं. मग नवीन काही लागलं की पुन्हा वाढवायचा. मी म्हटलं, कळलं. ती हसली. तिला वाटलं आजी मन राखायला म्हणतेय.

तेवढ्यात तिचा नवा कर्नेल काही चालू होईना. काळा पडदा, पांढरी अक्षरं, पुढे काही नाही. मला धडकी भरली. ती मात्र शांतपणे चहा प्यायली, दोन बटणं दाबली आणि जुन्यावर मशीन सुरू केलं. "जुना ठेवलेला असतो, आजी. नवा चालेपर्यंत जुना कधीच काढायचा नाही."

हे वाक्य माझ्या नवऱ्याला कोणी पन्नास वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर जिजीची म्हैस एवढी गाजली नसती.

आम्ही नंदुरबारकडचे. तापीला मोठा पूर येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षात सुरतला आलो आणि लिंबायतला एक खोली घेतली. घरात आम्ही अहिराणी बोलायचो, रस्त्यावर हिंदी, शेठशी मोडकी गुजराती. पुस्तकी मराठी फक्त मला लिहायला येते, बोलायला लागले की लाज वाटते. तशी मला सगळ्याचीच लाज वाटायची. परका पुरुष समोर आला की माझा पदर डोळ्यांपर्यंत यायचा आणि आवाज पोटात जायचा.

यांना उधन्याच्या एका खात्यात फिटरचं काम होतं. खातं म्हणजे पत्र्याची शेड आणि आत दहा यंत्रमाग, सुरतेत त्यांना साचे म्हणतात. त्यातला कोपऱ्यातला साचा कोणी चालवायला घेत नसे, कारण तो चालताना थोडा चालायचाही. म्हणजे जागा सोडायचा. शेठने यांना सांगितलं, हा साचा तू चालव, सूत माझं, मजुरी मीटरवर, पण डॉबी तुझी तू बघ.

डॉबी म्हणजे मागाच्या डोक्यावर बसवलेलं एक यंत्र. ताण्याचे उभे दोरे वेगवेगळ्या चौकटींत ओवलेले असतात. आडवा दोरा नेणारा धोटा एकदा इकडून तिकडे गेला की कुठल्या चौकटी वर उचलायच्या आणि कुठल्या खाली ठेवायच्या, हे डॉबी ठरवते. आणि डॉबीला कोण सांगतं? लाकडाच्या पट्ट्या. पट्टीला भोकं असतात. भोकात खुंटी ठोकली की चौकट उठते, भोक रिकामं असलं की बसते. अशा पट्ट्या जोडून साखळी करायची आणि डॉबीवर चढवायची. साखळी फिरते तशी नक्षी उमटते. साखळी बदला, कापड बदलतं. लोखंड तेच.

यांनी पहिली डॉबी भंगारातून बनवली. दोन मोडक्या डॉब्या वजनावर विकत आणल्या आणि दोघींची एक केली. सोळा लिव्हरची होती, एक लिव्हर एक चौकट उचलतो. पण आमच्या चौकड्याला आणि बर्फीच्या नक्षीला बारा चौकटी पुरायच्या, म्हणून चार लिव्हर यांनी काढूनच टाकले. शेठने ते चार खड्डे बघून विचारलं, हे दात कुठे पडले? हे म्हणाले, "जे लागत नाही ते कशाला फिरवायचं शेठ? वजन कमी, आवाज कमी, तेल कमी." खरंच होतं ते. पूर्ण खात्यात आमची बोळक्या तोंडाची डॉबी सगळ्यात सुरळीत चालायची.

खुंट्या मी ठोकायचे. माझी बोटं बारीक आणि मला मोजता यायचं. हे डबा खात बसले की मी कागदावरचा एकेक चौकोन बघून एकेक खुंटी बसवायची. भरलेला चौकोन म्हणजे खुंटी, कोरा चौकोन म्हणजे रिकामं भोक. कोणाशी बोलावं लागत नाही असं काम मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं.

आता जिजी. यांची थोरली बहीण, लहानपणापासून विधवा म्हणावी इतक्या लवकर विधवा झालेली, एक मुलगी पदरात. आमच्या मागोमाग सुरतला आली आणि त्याच खात्यात बॉबिना भरायला, म्हणजे लाकडी नळ्यांवर सूत गुंडाळायला लागली. तिची जागा नेमकी आमच्या साच्यासमोर. मी लाजण्यात जेवढा वेळ घालवायचे तेवढा ती बोलण्यात घालवायची, म्हणजे घराण्याचा हिशोब बरोबर.

दोनेक वर्षांनी चौकडा आणि बर्फी बाजारात कोणी घेईना. सगळ्यांना मोठं फूल पाहिजे. मोठ्या फुलाला जास्त चौकटी, जास्त चौकटींना जास्त लिव्हर. आमच्या बारा दातांच्या म्हातारीला ते चावणार नव्हतं. शेठने सांगितलं, फूल काढशील तर साचा तुझा, नाहीतर होळीनंतर दुसऱ्याला देईन. यांनी बाजारात एक जुनी चोवीस लिव्हरची डॉबी हेरून ठेवली होती. पैसे नव्हते.

गावाकडे जिजीची एक म्हैस होती. दिराकडे ठेवलेली, मुलीच्या लग्नासाठी राखलेली. जिजीने दोन दिवस विचार केला, तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेली आणि तीनशे वीस रुपये कमरेला बांधून परत आली. पैसे यांच्या हातात देताना म्हणाली, "भाऊ, येत्या आखाजीला नाही, पुढच्या आखाजीला पोरीचं लग्न करायचंय. तोवर माझी म्हैस मला परत पाहिजे. शेपटीसकट."

आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया. तेव्हापासून ती डॉबीला म्हैसच म्हणायची.

डॉबी आली त्या दिवशी यांचा उत्साह बघण्यासारखा होता. लग्नात सुद्धा माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. नव्या डॉबीच्या स्प्रिंगा ढिल्या होत्या. नवीन आणायला पैसे नाहीत. तेव्हा यांनी काय केलं, जुन्या डॉबीच्या सगळ्या स्प्रिंगा काढल्या आणि नवीत घातल्या. दोन-तीन चांगले लोखंडी आकडेही काढले. जुनीची हाडं कोपऱ्यात पडली.

जिजी बॉबिन भरता भरता म्हणाली, "अरे, नवी चालते का ते तर बघ. मग जुनी काप."

"जिजी, तुला यंत्रातलं काय कळतं?"

"मला म्हशीतलं कळतं. नवी दूध द्यायला लागेपर्यंत जुनी कोणी विकत नाही."

"ही म्हैस नाही."

"माझ्या पैशाची आहे. तोवर म्हैसच."

फुलाचा कागद यांनी बाजारातल्या एका म्हाताऱ्या डिझाइनवाल्याकडून करून आणला. साठ पट्ट्या, एका पट्टीला अठ्ठेचाळीस भोकं. मला चार दिवस लागले. बोटांची सालं निघाली, पण एकही खुंटी चुकली नाही असं मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. छातीवर हात ठेवायलाही लाजायचे मी, तरी सांगेन.

शेठने मुहूर्त काढला. डॉबीला कुंकू लावलं, उदबत्ती खोचली, नारळ फोडला. नारळाचं पाणी नेमकं नव्या पट्ट्यांवर उडालं आणि पूजा झाल्यावर अर्धा तास मी पट्ट्या पुसत बसले. मग साचा चालू झाला. सगळे कापडाकडे बघत उभे राहिले.

फूल आलं नाही.

वीतभर विणलं तरी नाही. कापडावर नुसते लांब लांब दोरे लोळत होते, जसं एखाद्या बाईने केस विंचरून कंगवा तिथेच टाकून दिलाय. मधूनच काहीतरी गोल असल्यासारखं वाटायचं आणि पुन्हा दोऱ्यांत बुडायचं.

यांनी साचा थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. "चौथी पास!" एवढंच म्हणाले. मी साखळी उतरवली, साठच्या साठ पट्ट्या कागदाशी ताडून बघितल्या. बरोबर होत्या. तरी यांनी सगळ्या खुंट्या काढायला लावल्या आणि पुन्हा ठोकायला लावल्या. पुन्हा तेच कापड. मग यांना वाटलं दोष लिव्हरात आहे. दुसऱ्या दिवशी स्प्रिंगा घट्ट केल्या, तिसऱ्या दिवशी सैल केल्या. एक लिव्हर जरा अडतो असं वाटलं म्हणून कानस घेऊन त्याचं टोक घासलं. तो बिचारा अडत नव्हता. घासल्यावर अडायला लागला.

जिजी रोज सकाळी आल्या आल्या विचारायची, "काय वं, मनी म्हैस कशी शे? दूध देस का?" म्हणजे माझी म्हैस कशी आहे, दूध देते का.

मी मान हलवायची. नाही.

"मग लाथ तरी मारते का?"

हे तिकडून ओरडायचे, "जिजी, तोंड बंद ठेव!"

"माझं तोंड फुकट चालतं. तुझ्या डॉबीला तीनशे वीस लागले."

हे हसण्यावारी बोलायची ती, पण मी तिची बोटं बघत होते. तिसऱ्या दिवशी तिच्या बॉबिना सैल भरल्या जात होत्या. मुलीला बघायला पाहुणे येऊन गेले होते आणि पैसे अडकल्याने मुलीच्या बाजूचा होकार कळवायचा राहिला होता. जुन्या डॉबीवर परत जायचं तर तिच्यात स्प्रिंग नव्हती. पुढे वाट नाही, मागे वाट नाही, आणि मध्ये माझा नवरा कानस घेऊन उभा.

चौथ्या दिवशी शेठ आले. ते आले की मी एरवी पाण्याच्या माठामागे जायची. त्या दिवशी माठाजवळ दोन कारागीर उभे होते. मला दुसरं काही सुचलं नाही. मी झाडू उचलला आणि साच्याखाली शिरले, तुटक्या दोऱ्यांचा कचरा काढायचं निमित्त करून. साचा बंद होता, म्हणून धोका नव्हता. धोका होता तो वर उभा होता.

"आ शुं छे?" शेठ वरून म्हणाले. "आ कापड छे?"

"शेठ, दोन दिवस द्या."

"चार दिवस दिले. माझं सूत फुकट येतं? ही डॉबी उतरव आणि घरी घेऊन जा. साचा उद्यापासून दुसऱ्याचा."

यांचे पाय दिसत होते मला. एका चपलेचा अंगठा तुटलेला, तो पाय दुसऱ्या पायावर घासत होते. शाळेत मास्तरांपुढे उभं राहतात तसे. पलीकडे जिजीचे पाय. तिची बॉबिन थांबली होती. जिजीची बॉबिन थांबलेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

मला रडू यायला लागलं. डोळे पुसायला पदर वर केला, मान वर गेली, आणि मला फूल दिसलं.

एक नाही. कापडाच्या खालच्या बाजूला, माझ्या डोक्यापासून हातभर वर, ओळीने फुलं होती. पाकळ्या, मधला गोल, देठ, देठाला दोन पानं. सगळं. कागदावर होतं तसंच. वरच्या बाजूला लोळणारे ते लांब दोरे म्हणजे या फुलांची पाठ होती. कापड उलटं विणलं जात होतं, सुलटी बाजू खाली. चार दिवस आम्ही सगळे वाकून वाकून पाठच बघत होतो. चौकडा काय आणि बर्फी काय, दोन्ही बाजूंनी सारखीच दिसतात. म्हणून इतकी वर्षं कापड विणून आमच्यातल्या कोणालाही खाली बघायची सवयच नव्हती.

आता हे सांगायचं कसं? वर शेठ, यांच्या शेजारी दोन कारागीर, आणि मी कचऱ्यात उकिडवी. तोंड उघडलं तर आवाज येईना. शेठ म्हणत होते, "पाना लाव, उतरव." यांनी पाना उचलल्याचा आवाज आला.

मी हात लांब केला आणि जिजीच्या पायाला चिमटा काढला.

"मेली! साप!" जिजी किंचाळली. मग खाली बघितलं. "तू काय करते गं तिथे?"

मी बोटाने वर दाखवलं. जिजी वाकली, गुडघ्यावर आली, मान वाकडी करून साच्याखाली घुसली. तिने एका फुलावर बोट टेकवून पाहिलं. मग तिने जो आवाज काढला तो उधना स्टेशनपर्यंत गेला असेल.

"आठे देख! खाले देख, खाले! भाऊ, पाना ठेव! म्हैस दूध देतेय आणि तू तिच्या शिंगांकडे बघत बसलास!"

आधी हे वाकले. मग ते दोन कारागीर. शेवटी शेठ, धोतर सांभाळत. एकेक जण साच्याखाली मान घालून वर बघत होता आणि मी मध्ये अडकलेली, पदर नाकापर्यंत, चार पुरुषांची तोंडं वीतभर अंतरावर. मला वाटलं धरणीने पोटात घ्यावं, पण खाली कोबा होता.

मग यांना आठवलं. डिझाइनवाल्या म्हाताऱ्याने कागद देताना सांगितलं होतं की माल ऊंधो आवशे, म्हणजे उलटा येईल. सुलटी बाजू खाली ठेवली की कमी चौकटी उचलाव्या लागतात आणि डॉबीवर भार कमी येतो. त्याने यांच्या भल्यासाठीच तसा कागद केला होता. हे तेव्हा भाव कमी करण्यात गुंतले होते. मान डोलावली आणि विसरून गेले.

"चार दिवस!" शेठ म्हणाले. "नारळ सुद्धा फोडला मी."

जिजी उठून साडी झटकत म्हणाली, "देव काय करणार शेठ? तो पण वरूनच बघतो."

शेठ हसले. मला माहीत आहे ते हसले, कारण त्यांचं पोट साच्याला टेकलं होतं आणि साचा हलला. साचा आमच्याकडे राहिला.

पण सगळं लगेच गोड झालं नाही. यांनी कानस मारलेला लिव्हर काही केल्या सुधारेना आणि प्रत्येक फुलाची एक पाकळी किडकी यायची. शेठ दर मीटरमागे मजुरी कापायचे. दुसरा लिव्हर मिळायला दोन महिने गेले. तो बसवायच्या दिवशी हे सवयीने जुना लिव्हर फेकायला निघाले. मी त्यांच्या हातातून तो घेतला आणि भिंतीच्या खिळ्याला अडकवला. त्या दिवसापासून आमच्याकडे कायदा झाला. नवीन काहीही चढवायचं तर जुनं खिळ्यावर. नवी साखळी तीन मीटर नीट चालली, आणि खालूनही बघून झाली, की मगच जुनीला हात लावायचा. पुढे सोळा चौकटींची साखळी, वीस चौकटींची साखळी, बुट्टीची, वेलीची, सगळ्या खिळ्यावर टांगलेल्या असायच्या. कुठली कशाची ते मी पट्टीवर कोळशाने लिहायचे, माझ्या याच वाईट अक्षरात. ते अक्षर खात्यात फक्त मला वाचता यायचं. त्यामुळे साखळी बदलताना मला बोलावणं यायचं. शेठ सुद्धा म्हणायचे, बेनने पूछो, म्हणजे बहिणीला विचारा. लाज थोडी कमी झाली. पूर्ण कधी गेली नाही.

जिजीला लिहिता येत नव्हतं. कर्जाचा हिशोब ठेवायला तिने जुन्या मेलेल्या डॉबीची एक पट्टी मागून घेतली. सोळा लिव्हरची पट्टी, सोळा-सोळा भोकांच्या दोन रांगा. बत्तीस भोकं. तीनशे वीस रुपये. दहाला एक खुंटी. आम्ही दहा रुपये दिले की ती माझ्याकडून खुंटी मागायची, पट्टीवर ठेवायची आणि बॉबिनीच्या लाकडाने ठोकायची. पट्टी तिच्या खोलीत चुलीवरच्या फळीवर असायची. भाकरी थापता थापता ती तिच्याकडे बघायची. मजुरी कापली गेली त्या दोन महिन्यांत एकही खुंटी गेली नाही. जिजी रोज सकाळी फक्त विचारायची, "म्हैस आटली का वं?"

मुलीकडून होकार कळवला गेला. लग्न ठरलं. आखाजी जवळ आली तसं आम्ही एक वेळची भाजी बंद केली. दोन खुंट्या, एक खुंटी, पुन्हा दोन. आखाजीच्या आठवडाभर आधी मजुरी हातात आली तेव्हा एकतीस खुंट्या झाल्या होत्या. हे म्हणाले, तूच दे जाऊन. मी म्हटलं, ती मला पुन्हा साप म्हणेल.

मी गेले. जिजीच्या खोलीत तिची मुलगी हळदीच्या साड्या मोजत होती. मी दहाची नोट ठेवली. नोटेला साच्याचं तेल लागलेलं होतं. जिजीने ती कनवटीला लावली, फळीवरची पट्टी काढली आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी खुंटी दिली. तिने शेवटच्या भोकात ती ठोकली. एक ठोका पुरला असता, तिने तीन मारले.

दोन्ही रांगांवरून तिने बोट फिरवलं. मग पट्टी उलटी केली, डोळ्यांजवळ नेली आणि खालच्या बाजूनेही नीट बघून घेतली.

"फिटनी," ती म्हणाली. "मनी म्हैस फिटनी."